कार्डावरची शून्यं

नोकरीची शेवटची काही वर्षं मी लोकांना तोंड धुवायला शिकवत होते. थोरल्या जावेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अन् याचा तुले पगार भेटते?" भेटत होता, आणि तो घेताना मला कधी लाज वाटली नाही. दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तर पहिल्यांदा तेच आठवलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी मूळची नर्स, गाव मेडशी. वीस-बावीस वर्षं सलाइन, टाके आणि बाळंतपणं केली. मग एका वर्षी मोठ्या शहरात मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण निघालं आणि आमच्या डॉक्टरसाहेबांनी माझं नाव पाठवलं. माझंच का, असं विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, तिथे राग आवरायला शिकवतात. लोकांना नाही शिकवता आलं तरी तुमचा तरी फायदा होईल." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ड्रेसिंग करताना कण्हणाऱ्या दणकट बाप्यांना दरडावून गप्प करणारी मी बाई. परत आले ती समुपदेशक होऊन. खोलीवर पाटी लागली, पण ती कोणी वाचली नाही. लोकांसाठी मी शेवटपर्यंत सिस्टरच राहिले.

जे शिकून आले त्याचं नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, थोडक्यात डीबीटी. नावानं घाबरू नका, मीही घाबरले होते. काही माणसांच्या भावना इतरांपेक्षा लवकर पेटतात, जास्त भडकतात आणि विझायला फार वेळ घेतात. त्या भरात अशी माणसं स्वतःला इजा करून घेतात, सामान फोडतात, नको ते बोलतात, आणि मग दोन दिवस शरमेनं तोंड लपवतात. त्यांना "शांत राहा" म्हणून काही होत नाही. सायकल न येणाऱ्याला "पडू नको" सांगण्यासारखं आहे ते. त्यांना एकेक कौशल्य शिकवावं लागतं. भावनेचा जोर असताना काय करायचं, तो ओसरल्यावर काय करायचं, समोरच्याशी कसं बोलायचं. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट असते, की दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तू असा आहेस त्याला कारणं आहेत, हे खरं. आणि तुला बदलावं लागेल, हेही खरं. पहिलं वाक्य सगळ्यांना आवडायचं. दुसऱ्या वाक्याला लोकांना एकदम एस.टी.ची वेळ आठवायची.

तोंड धुणं हे जोराच्या वेळचं कौशल्य. भावना अनावर झाली की श्वास रोखून चेहरा थंडगार पाण्यात थोडा वेळ बुडवायचा. छातीतली धडधड उतरते आणि डोकं जरा जागेवर येतं. हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी प्रत्येक वेळी बजावायचे. प्रशिक्षणातल्या मॅडमनी पाण्यात बर्फ घालायला सांगितलं होतं. शेलूबाजारला पहिला गट घेतला तेव्हा मीही तेच सांगितलं. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "बाई, मले राग येईन तवा मी पयले बरफगोळेवाल्याले हुडकू का?" त्या दिवसापासून बर्फ गेला आणि माठ आला.

त्याच गटातल्या एका मास्तरीणबाईंना मी अर्धं हसू शिकवलं. चेहरा सैल सोडायचा, ओठांचे कोपरे किंचित वर घ्यायचे, म्हणजे मनही थोडं सैलावतं. त्यांनी ते नेमकं नवरा ओरडत असताना करून पाहिलं. पुढच्या आठवड्यात दोघंही माझ्यासमोर हजर. नवरा म्हणाला, "मी बोलून राह्यलो अन् हे दात काढून राह्यली. म्हन्ते सिस्टरनं शिकवलं!" अर्धं हसू एकट्यानंच करायचं, असा नियम मग मी माझ्या वहीत लिहून ठेवला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला सांगायची आहे ती युसूफभाईंची गोष्ट, कारण तिच्यात चूक माझी झाली. नावं बदलली आहेत. बाकी सगळं लिहायला त्यांनी स्वतः परवानगी दिली. "लिहा सिस्टर, फक्त मले लय चांगला दाखवू नका," एवढीच त्यांची अट.

युसूफभाई मनियार. कामरगावात त्यांचं बांगड्यांचं दुकान. बाई हात पुढे करून बसली की ते तिचा पंजा असा हलकेच दाबून निमुळता करायचे, की अगदी लहान मापाची काचेची बांगडीही न तडकता मनगटावर जायची. तेच हात घरी गेले की ताटं आणि कपबश्या फुटायच्या, महिन्यातून दोनदा तरी. भाजीत मीठ कमी पडलं, लाइट गेली, पोरीनं उलटून उत्तर दिलं, कारण काहीही चालायचं. घरातल्या कोणावर कधी हात उगारला नाही, हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. फोडाफोड झाली की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायचे आणि रडायचे.

माझ्याकडे आले ते कपाळावर टाके घेऊन. या वेळी भिंतीऐवजी दुकानाचं शटर होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नाजिया एका लहानशा शाळेत शिकवत होती. तिचं लग्न ठरलं होतं, आणि तिनं आईला सांगितलं होतं की निकाहाच्या वेळी अब्बा माझ्या खोलीत येणार नाहीत.

यात काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगते. निकाहात काझी बाहेर मंडपात बसतात आणि नवरी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसते. हा निकाह तुला कबूल आहे का, असं तिला विचारायला घरातलं एक वडीलधारं माणूस आत जातं. त्याला वकील म्हणतात. युसूफभाई पोरीच्या जन्मापासून धरून चालले होते की तो मान आपला. नाजियानं मामूचं नाव घेतलं होतं.

"मामू अंदर जाईन अन् मी बाहेर बिर्यानीची देग पाहत बसू?" ते म्हणाले. "लोकं काय म्हन्तीन, सिस्टर?"

"लोकांचं राहू द्या. ती असं का म्हणाली असेल?"

"तिले माहा भेव वाट्टे."

"मग? वाटायला नको का?"

त्यांनी कपाळाची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "मी राग करत नाही, सिस्टर. राग मले उचलून नेते. वापस आनून टाकते तवा घरात काच पडेल रायते."

लग्नाला पाच महिने होते. तोवर अब्बांवर पोरीचा भरवसा बसला तर बसला. मी बाजाराच्या दिवशी कामरगावला जाऊन तिथल्या दवाखान्यातल्या खोलीत बसायचे, कारण त्या दिवशी बायकांना घराबाहेर पडायला कोणी अडवत नाही. त्या गटात युसूफभाई हे एकटे पुरुष होते. बायांनी त्यांना लगेच सामावून घेतलं, कारण निम्म्याजणींच्या हातात बांगड्या त्यांनीच भरलेल्या होत्या.

थंड पाण्याचं सांगितलं तर ते हसले. "हे तर आमच्यात पयलेपासून सांगेल हाय. राग आला का वुजू करा. उभे असान तर बसा, बसेल असान तर आडवे व्हा. लहानपनी शिकलो होतो, मीच इसरलो." वुजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं. शहरातून स्लाइडचा गठ्ठा घेऊन आलेली मी जरा ओशाळले आणि वहीत माठाच्या शेजारी वुजू लिहिलं. मधे रमजान आला. रोज्यात पाणी नाकातोंडात जायला नको म्हणून ओल्या रुमालावर भागवलं. राग डोक्यात चढतोय असं वाटलं की युसूफभाई उठायचे आणि मशिदीतल्या हौदावर जायचे.

आमच्या कामात रोज एक कार्ड भरायचं असतं. आज भावनेचा जोर किती होता, ते शून्य ते पाचमधल्या आकड्यानं लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे हाताबाहेर. युसूफभाईंच्या पहिल्या कार्डावर पाच आणि चार यांच्याशिवाय काही नव्हतं. महिन्याभरात दोन-तीन दिसायला लागले. त्यानंतर आठवडेच्या आठवडे शून्य, शून्य, शून्य. एक ताट फुटलं नाही. मला इतका आनंद झाला, की वाशीमला आमची बैठक होती तिथे ती कार्डं घेऊन गेले आणि उभी राहून सगळ्यांना दाखवली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी आठवडाभर मनात वाजवत होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी युसूफभाईंची बायको जुलेखाबी माझ्या खोलीत आली. भाजीची पिशवी तिनं खालीसुद्धा ठेवली नाही.

"सिस्टर, तुमी यायले काय शिकवलं?"

मला वाटलं, आभार मानायला आली. "का? फोडाफोड थांबली ना?"

"थांबली. बोलनंबी थांबलं. मी तोंड उघडलं का हे उठते. नाजियानं तोंड उघडलं का हे उठते. दोन-दोन घंटे हौदावर जाऊन बसते. पयले भांडत तरी होते. आता घरात मी भिंतीसंग बोलून राह्यली."

आणि मी काय केलं? मी तिच्यावर ओरडले. फोडत होता तेव्हाही तुम्ही रडत होतात, शांत झाला तरी रडताय, माणसानं करायचं तरी काय, चार शब्द कौतुकाचे नाही का बोलता येत, असं बरंच काही. नर्सच्या दिवसांतला माझा आवाज जसाच्या तसा परत आला होता. ती ऐकत उभी राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "नाजिया अजून तेच म्हन्ते. मामूच जाईन." आणि निघून गेली.

कारंज्याला, मी राहत होते तिकडे, परतताना जीपमध्ये चौदा माणसांत दाबून बसले होते. मांडीवरच्या बॅगेतून मी कार्डं काढली. शून्य, शून्य, शून्य. राग किती चढला, एवढंच त्या कार्डावर विचारलेलं होतं. घरात कोण काय बोललं, कोणाचं बोलायचं राहिलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. थंड पाणी हे फक्त तेवढी वेळ निभावायला असतं. वेळ निभावली की परत येऊन, जे ऐकायचं राहिलं ते ऐकायचं असतं. हे मला शिकवलेलं होतं. पण कठीण भाग आहे, सावकाश घेऊ, म्हणून मी तो पुढे ढकलत गेले, आणि एका माणसाला पळून जायची सोपी वाट दाखवून त्याबद्दल टाळ्याही घेतल्या. वर जी बाई ते सांगायला आली तिलाच झापलं. मला इतकी लाज वाटली, की माझा थांबा आला तरी उठायचं सुचलं नाही. पाच महिन्यांतले साडेतीन संपले होते.

पुढच्या वेळी खोलीत जायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. जुलेखाबी मेथी निवडत बसली होती. उभ्याउभ्याच म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही खरं सांगत होतात आणि मी तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं."

तिनं मेथीतून मान वर केली नाही. "बसा. चहा घेसान का?" आणि थोड्या वेळानं, "आता जसं बोलल्या ना तुमी, तसं बोलनं शिकवा त्यायले."

मी तेच शिकवायला घेतलं. समोरचा काय म्हणतो ते बसून ऐकायचं, त्यातलं खरं काय ते आधी आपल्या तोंडानं म्हणायचं. आपली बाजू मांडायची नाही, 'पण' लावायचा नाही. सांगायला दोन मिनिटं लागतात. युसूफभाईंना समोर बसवून मीच नाजिया झाले.

"अब्बा, तुम्ही ताट फेकलं की मला भीती वाटायची."

"पन मी तुले कधी मारलं का?"

"झालं. पुन्हा. अब्बा, मला भीती वाटायची."

"वाटत असंन. पन..."

"युसूफभाई, 'पन' सोडा."

"पन सोडलं तर माह्याजवळ बोलाले उरते काय, सिस्टर?"

गटातल्या बाया खो खो हसल्या. मी नाही हसले. इतक्या वर्षांत मला कोणी याहून चांगला प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, "काही उरत नाही. मग गप्प राहायचं, आणि उठायचं नाही." ते म्हणाले, त्यापेक्षा पाण्यात तोंड घालणं सोपं होतं. पण येत राहिले. एकेक बाई त्यांच्यासमोर बसून नाजिया व्हायची. काहीजणी भूमिकेत शिरून आपल्याच नवऱ्याचा राग त्यांच्यावर काढायच्या. तेही त्यांनी ऐकून घेतलं.

लग्नाला तीन आठवडे असताना नाजिया माझ्या खोलीत यायला तयार झाली. मी बोलून होईपर्यंत अब्बांनी उठायचं नाही, ही तिची अट. युसूफभाई आधी येऊन थांबले होते. मला म्हणाले, "मले दरवाज्याजवळ बसवू नका." मी त्यांची खुर्ची खिडकीकडे सरकवली.

घरी ती माणसं आपसात हिंदीत बोलायची. त्या दिवशी नाजिया वऱ्हाडीत बोलली, मलाही नीट कळावं म्हणून असेल. ताठ बसली होती.

"चौथीत असतानी मले चित्राचं बक्षीस भेटलं होतं. स्टीलची छोटी ताटली. तुमी रागात तीच भिंतीवर मारली. तिले पोचा पडला. मंग तुमी डोकं आपटलं अन् रडले. अम्मीनं तुमाले पानी देलं. मी धान्याच्या कोठीमांगं लपेल होती. मले कोनी पानी देलं नाही."

युसूफभाईंनी खुर्चीची दांडी घट्ट धरली. श्वास लांब सोडताना मला दिसले.

"तुमी सगळ्यायले सांगता का मी कधी मारलं नाही. खरं हाय. पन दरखेपी फोडल्यावर तुमीच रडत होते, अन् आमी तुमाले समजावत होतो. आमाले रडाले जागाच नोती, अब्बा."

त्यांचे गुडघे ताठ झाले. ते अर्धे उठले. मला ओरडावंसं वाटलं, बसा म्हणून. मी स्वतःच्या तळहातात नखं रुतवून गप्प राहिले. ते खाली बसले.

"तू कोठीमांगं होती," ते म्हणाले.

"हो."

"मले मालूम नोतं." आता 'पन' येणार म्हणून मी डोळे मिटले. आला नाही. "मी रडत बसलो, अन् तुले पानी कोनी देलं नाही."

नाजिया ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. युसूफभाई रडले नाहीत. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते आवरले आणि तिचं रडून होईपर्यंत बसून राहिले. निकाहाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मला विचारायचा फार मोह झाला होता. नाजिया डोळे पुसून उठली, "येतो सिस्टर" म्हणाली आणि शाळेत गेली. त्या दिवशीच्या कार्डावर युसूफभाईंनी पाच लिहिलं. पाच पाहून मी खूश झाले, असं ते एकच कार्ड.

लग्नाला मला आमंत्रण होतं. आतल्या खोलीत बायकांच्या गर्दीत बसले होते. नाजिया लाल दुपट्ट्यात खाली मान घालून. दारात गडबड झाली, बायांनी वाट दिली, आणि वकील आत आले. मामू होते.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. तिनं विचार बदलला नव्हता. तो तिचा हक्क होता, हे मीच चार लोकांना समजावून सांगितलं असतं. तरीही मला त्या माणसासाठी वाईट वाटलं.

मामूंच्या मागून आणखी दोघं आत आले. एक नाजियाचे काका, आणि त्यांच्यामागे युसूफभाई. मी जुलेखाबीकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी वाकली. "वकिलासंग दोन गवाह येत असते. ते काही इचारत नाही. पोरगी काय म्हन्ते ते आपल्या कानानं ऐकाचं अन् बाहेर काझीसाबले सांगाचं. मौलवीसाबले इचारलं, चालते म्हने." मग म्हणाली, "नाजियानंच सांगतलं. अब्बाले इचाराले नका पाठवू म्हने, ऐकाले पाठवा."

मामूंनी नवऱ्या मुलाचं नाव घेऊन विचारलं. नाजिया इतक्या हळू बोलली, की मागच्या बायांना काही कळलं नाही. मामूंनी परत विचारलं. तिसऱ्यांदा तिनं मान वर केली. मामूंकडे न पाहता त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "कबूल है."

मामू दाराकडे वळले. "सुन लिया ना, भाईजान?"

युसूफभाई जागचे हलले नाहीत.

"सुन लिया," ते म्हणाले. "सब सुन लिया, बेटा."